बिलात नसलेला

खडक चौदा किलो, मीठ दोन बादल्या,
जोकर मासे दोन, गोगलगाई सहा.
मुंबईहून आलेल्या बिलात एवढंच होतं.
हा नव्हता.

उद्यमनगरात, लेथच्या मागं, ऑफिसच्या काचेआड
मी समुद्र थाटला, चार फुटांचा.
घाट उतरून खरा गाठायचा तर तीन तास,
आणि मला सुट्टी फक्त सोमवारी.
लाईटही त्याच दिवशी जाते.

अशाच एका सोमवारी रात्री
टॉर्चला लाल कागद लावून बघितलं,
तर खडकाच्या भोकातून एक दोरा निघाला,
दोन्ही अंगांना कुसळं,
वीतभर आला
आणि अजून येतच होता.

सकाळी मोठा जोकर मेलेला.
हे आठ-दहा जण त्याच्या पोटाशी, पंगतीला.

मेला म्हणून आले,
की आले म्हणून मेला?
काचेला नाक लावून हेच विचारत बसलो,
चहा गार होईतोवर.
हवेचा पंप रात्री किती वेळ बंद होता
हे मात्र कुणाला विचारलं नाही.

बाटलीत कोळंबीचा तुकडा घालून सापळा लावला.
तीन रात्रींत चाळीस.
एकाला हातानं धरायला गेलो
तर बोटांत आग, निवडुंगावर हात टेकल्यागत.
सातगोंडानं माझा तळवा टेबलावर उताणा धरला,
चिकटपट्टी लावली, ओढली, परत लावली,
लोखंडाची फास काढतो तसाच, एक डोळा मिटून.
"जित्याच्या वाट्याला जात न्हाईत ही, मालक.
उरलंसुरलं खात्यात."
रुकडीचा माणूस. दिवस मावळायच्या आत डबा उघडतो,
कांदा नाही, बटाटा नाही,
आणि कैवार घेतोय कुणाचा,
तर अंधार पडल्यावर जेवायला निघणाऱ्यांचा.

"फेकून ये," म्हटलं,
आणि बाटली त्याच्या हातात दिली.

मागच्या वर्षी पितळेचा चुरा
अर्धं पोतं कमी भरला होता.
तेव्हाही मी विचारलं होतं, रात्री शेवटी कोण होतं?
तोच होता. रोज तोच असतो.
लेथखालचं झाडून, शटर ओढून तोच जातो.
काही न बोलता त्यानं किल्ली टेबलावर ठेवली.
वजनकाटा बिघडलेला, हे दोन महिन्यांनी कळलं.
किल्ली मी परत दिली.
बाकी काही दिलं नाही.

पंधरा दिवसांत पाणी गढूळलं.
वाळूवर तपकिरी साय,
खडकाखाली नासक्या अंड्याचा वास,
प्रवाळ मिटलेलं, औषधाला नको म्हणणाऱ्या पोराच्या तोंडासारखं.
दुकानदार फोनवर हसला.
"सगळेच काढलेत? मग उष्टं कोण खाणार आता?
हां, कुसळांच्या बुडाशी लाल असला तर तो वाईट.
तो प्रवाळ खातो. नीट बघून घ्या."
बघून घ्या म्हणे.
लाल उजेडात लाल कसा दिसायचा?

नळी तुंबली म्हणून कपाटातली खालची टाकी उघडली.
जिथं वर्षाचा गाळ साचायचा
तिथं तळ दिसत होता, घासल्यासारखा.
आणि दगडांच्या चुऱ्यात, एकमेकांत गुंतून,
चाळीसच्या चाळीस.
कदाचित साठ.

सातगोंडाकडं बघितलं.
तो लेथला तेल घालत होता,
गरजेपेक्षा जरा जास्तच.
"फेकलं न्हाईस व्हय?"
"फेकलं की. खाली."

संध्याकाळभर दोघांनी मिळून
कपाकपानं त्यांना वर सोडलं.
खडकानं एकेकाला आत ओढून घेतलं,
ओळखीचं असल्यागत.
शेवटी एक राहिला, हातभर.
त्याच्या बुडाशी लाली होती
की बाहेरच्या आभाळाची झाक, ठरेना.

"ह्याचं काय करायचं?"
सातगोंडानं दाराबाहेर बघितलं.
उन्हाची शेवटची पट्टी शेजारच्या पत्र्यावर आली होती.
"आधी जेवतो," म्हणाला,
आणि डब्याची कडी उघडली.

मी बाटली धरून उभा.
आत तो गोल फिरत होता,
काच चाचपत,
सावकाश.